सप्तमीनं होत नाही

मराठी व्याकरणाने माणूस वाचतो, यावर मनापासून विश्वास असलेला अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच गृहस्थ होता, आणि तो नेमका माझ्या मावशीचा नवरा निघाला. वाचतो म्हणजे परीक्षेतून वाचतो असं नव्हे, जिवानिशी वाचतो. हे म्हणणं खरं की खोटं, याचा निकाल मला आजतागायत लावता आलेला नाही. त्यांच्या व्याकरणापायी मी एकदा पुरता गोंधळलो आणि एकदा पुरता सावरलो, एवढं नक्की. मधल्या तीन महिन्यांत जी बदनामी माझी व्हायला हवी होती ती त्यांनी मुकाट्याने स्वतःच्या अंगावर घेतली, आणि मी ती घेऊ दिली. हे मी कुणापाशी धडपणे बोललेलो नाही. ते बोलून टाकावं म्हणून हे लिहायला बसलो आहे.

मी मूळचा फुलसावंगीचा. बारावीनंतर बी.कॉम. करायला आर्णीला मावशीकडे राहायला आलो. मावसाजी तिथल्याच एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायचे. बोलायला अस्सल वऱ्हाडी, पण कागदावर उतरलेल्या मजकुराला ते माफी देत नसत. सदऱ्याच्या खिशात कायम लाल पेन. घरी आलेली लग्नपत्रिका ते आधी तपासत आणि मग लग्नाला जाताना ती तपासलेली पत्रिका अहेराच्या पाकिटात घालून वरबापाच्या हातात ठेवत. मावशीच्या किराण्याच्या यादीतसुद्धा खुणा व्हायच्या. दुकानदाराला त्या वजनाच्या खुणा वाटायच्या आणि एकदा जिऱ्याच्या दीर्घ वेलांटीवरच्या खुणेमुळे घरात पाव किलो जिरं जास्तीचं आलं. एका ओळखीच्या घरी म्हातारे गेले तेव्हा हे सांत्वनाला गेले. दारावरचा फ्लेक्स बराच वेळ बघत उभे राहिले आणि रडणाऱ्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाबू, निधन दुःखदच असते. 'दुःखद' वेगळं लिहायची गरज नोयती." त्या मुलाला यातलं पहिलं वाक्यच ऐकू आलं असावं. तो यांच्या गळ्यात पडून आणखी रडला.

आता असा माणूस एड्सच्या कामात कसा पडला, तर तोही व्याकरणाचाच घोटाळा. जिल्ह्याच्या कुठल्याशा कार्यालयातून कॉलेजला पत्र आलं की किशोरवयीन मुलामुलींसाठी लिंगभाव आणि लैंगिक आरोग्य या विषयाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण आहे, एक शिक्षक पाठवावा. प्राचार्यांनी घाईघाईत 'लिंग' एवढंच वाचलं आणि विषय मराठी विभागाचा ठरवून पत्र मावसाजींकडे सरकवलं. मावसाजीही व्याकरणाची दोन जाड पुस्तकं आणि नपुंसकलिंगी नामांची स्वतः केलेली यादी घेऊन यवतमाळला गेले. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते विषय कधी सुरू होतो याची वाट पाहत बसले होते. दुपारी समोर एचआयव्हीचा तक्ता लागला तेव्हा त्यांना कळलं. दुसरा कोणी उठून आला असता. हे तीनही दिवस पहिल्या बाकावर बसले, दोन वह्या भरल्या, आणि येताना तक्ते, पुस्तिका आणि निरोध कसा वापरावा हे दाखवायचा एक लाकडी नमुना घेऊन आले. तो नमुना मावशीला आलं ठेचायला फार सोयीचा वाटला. तो दोन दिवस स्वयंपाकघरात होता, आणि ती वस्तू नेमकी कशाची हे तिला सांगायचं धाडस मावसाजींना तिसऱ्या दिवशी झालं. त्यानंतर आठवडाभर आमच्या घरी बिनआल्याचा चहा होता.

वर्गात उभं राहून हे सगळं कसं सांगायचं, हा खरा प्रश्न होता. दुसऱ्या शिक्षकांनी माना खाली घालून पानं उलटली असती. मावसाजींना लाज वाटत नव्हती, पण व्याकरणाशिवाय दुसरी वाटच ठाऊक नव्हती. त्यांनी फळ्यावर विभक्तीचा तक्ता काढला. तृतीया, प्रत्यय ने, नी, शी: दूषित सुईने होतो, न तपासलेल्या रक्ताने होतो, असुरक्षित संबंधाने होतो. पंचमी, प्रत्यय ऊन, हून: औषध घेतलं नाही तर आईकडून बाळाला होतो. आणि मग सप्तमी, त, ई, आ: एका ताटात जेवल्यामुळे होत नाही, एका कपात चहा प्यायल्यामुळे होत नाही, एका वर्गात बसल्यामुळे होत नाही. "ध्यानात ठेवा," ते खडू आपटत म्हणायचे, "तृतीयेनं होते, पंचमीनं होते, सप्तमीनं होत नाही." पोट्टे हे तालावर पाठ म्हणायचे. पोरी खाली बघून म्हणायच्या, पण म्हणायच्या. मावसाजी घरी येऊन मावशीला सांगायचे, "पाह्यजो, या तालुक्यातलं एकही लेकरू आता गाफील राह्यत नाही."

पुढच्या चाचणीत त्यांनी एड्सवर टीप विचारली. निम्म्या वर्गाने लिहिलं होतं की तृतीया आणि पंचमी या तिथींना विशेष काळजी घ्यावी, सप्तमीला काही होत नाही. एकाने अधिक महिन्यातल्या सप्तमीचं काय, अशी शंकाही काढली होती. मावसाजी त्या उत्तरपत्रिका मांडीवर घेऊन ओसरीवर किती तरी वेळ बसून होते. लाल पेन उघडलं होतं, पण चालत नव्हतं. शेवटी मला म्हणाले, "शुद्धलेखन बरोबर आहे रे सगळ्यांचं. आता मार्क कायचे कापू?" दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळा विषय पहिल्यापासून, साध्या भाषेत, आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला शेजारी उभं करून पुन्हा शिकवला. पण गावात ते वाक्य पसरायचं ते पसरलंच.

त्यानंतर त्यांनी प्रश्नपेटी काढली. तेलाच्या पिप्याला वरून फट पाडली, कुलूप लावलं आणि ती ग्रंथालयाच्या जिन्याखाली ठेवली. ज्युनिअर, सिनिअर, कोणीही चिठ्ठी टाकावी, नाव लिहू नये. अडचण अशी की वीस-बावीस वर्षं गावातल्या पोरांच्या वह्या तपासून त्यांना प्रत्येकाचं अक्षर ओळखू यायचं. चिठ्ठी उघडली की प्रश्नाच्या आधी पोरगं दिसायचं. म्हणून त्यांनी पेटीवर सूचना चिकटवली: 'प्रश्न डाव्या हाताने लिहावा.' शनिवारी उत्तरं फलकावर लागायची, आणि प्रश्नातल्या चुका लाल शाईने दुरुस्त केलेल्या असायच्या. एकाने विचारलं होतं, 'सर, धातू जातो, काय करावे?' मावसाजींनी उत्तर लावलं: ''जा' हा धातू अकर्मक आहे. प्रश्न स्पष्ट लिहावा.' शनिवारभर कॉलेजची पोरं त्या फलकापुढे डोकं खाजवत होती. संध्याकाळी सिस्टरने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की हे पोरगं घाबरलेलं आहे, धातू म्हणजे त्याला काय म्हणायचं आहे ते. सोमवारी शिपाई यायच्या आत त्यांनी स्वतः जाऊन तो कागद काढला आणि नवा लावला: 'हा आजार नाही. वयात येताना असे होते. अशक्तपणा येत नाही. जाहिरातीतली औषधे घेऊ नयेत. आधीच्या उत्तराबद्दल क्षमस्व.' फलकावर माफी मागणारा शिक्षक मी तरी दुसरा पाहिला नाही.

आता माझं. मी शेवटच्या वर्षाला होतो, वय एकवीस. वणीला एक मित्र कोळशाच्या ट्रकांच्या धंद्यात होता, त्याच्याकडे दोन दिवस गेलतो. तिथं जे झालं ते मी इथं खोलून सांगत बसणार नाही. माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती, मीही कोणावर केली नव्हती, आणि काळजी घ्यायची असते हे ठाऊक असून ती घेतली नव्हती, इतकंच. परत आल्यावर तीन आठवडे मला झोप नव्हती. जीभ पांढरी दिसायची, काखेत गाठ लागायची, घाम आला की तोच आजार वाटायचा. आणि ज्या माणसाने हे सगळं तालुक्याला शिकवलं त्याच्याच घरात मी रोज समोर बसून जेवत होतो. एक दिवस तर स्वयंपाकघरात कोणी नाही असं बघून मी भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेची तिथी पाहिली. मला सगळं समजत होतं, तरी पाहिली. अष्टमी होती. एका दिवसाने हुकली म्हणून मला खरोखर वाईट वाटलं.

शेवटी मी चिठ्ठी लिहिली, डाव्या हाताने. 'चूक झाली आहे आणी भीती वाटते. तपासणी कुठे करावी आणी घरी कळेल का?' पेटीत टाकली. रात्रीच्या जेवणाला मावसाजी पोळीचे नुसतेच तुकडे करत होते. मावशी म्हणाली, "काहून, पेटीत काही आलं का?" ते म्हणाले, "'आणि'ची णी दीर्घ लिहिली होती. दोनदा." आणि त्यांनी माझ्याकडे न बघता ताक प्यायलं. डाव्या हाताने अक्षर बदलतं, चूक बदलत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

सकाळी ते माझ्या खाटेपाशी आले. "चपला घाल," म्हणाले. बाहेर रस्त्यावर आल्यावर एकच विचारलं, "किती दिवस झाले?" मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "बहात्तर तासांच्या आत आला असता तर औषध सुरू करता आलं असतं ना बाबू. तीन हप्ते कायले घालवले?" मी म्हणालो, तुमची भीती वाटली. ते चालता चालता थांबले. मग म्हणाले, "मग मी शिकवलं काय?" त्यापलीकडे ते मला त्या दिवशी काही बोलले नाहीत, आणि नंतरही कधी नाही.

ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून आम्ही एसटीने दुसऱ्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो, आणि अर्थात निम्मी आर्णी तिथंच होती. तपासणीच्या खोलीत समुपदेशनाच्या ताई होत्या. त्यांनी मला एकट्याला आत घेतलं, न रागावता सगळं विचारलं, आणि समजावलं की आज तपासू, पण आजच्या उत्तरावर थांबायचं नाही, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. तोवर काळजी घ्यायची. मी रक्त देऊन बाहेर आलो तर मावसाजी बाही वर करून तयार. ताईंनी विचारलं, "काका, तुम्हाला कशासाठी करायची आहे?" हे म्हणाले, "उदाहरणादाखल." ताईंना काही उमजेना, पण तपासणी मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत, त्यांनी रक्त घेतलं. मग रिपोर्ट हातात घेऊन निघायचं, तर हे दाराबाहेर थांबले. तिथं कोणीतरी हाताने लिहून लावलेल्या कागदावर 'समूपदेशन' असं होतं. त्यांनी लाल पेन काढून तो मू ऱ्हस्व केला, लांबून बघितला, पुन्हा जवळ गेले. इतका वेळ ते त्या दारापुढे, हातात रिपोर्ट घेऊन, उभे होते. तेवढ्यात आमच्या गल्लीतले एक गृहस्थ समोरून गेले. मी त्यांना पाहिलं आणि खांबाआड झालो. मी खांबाआड झालो, हे नीट लिहून ठेवतो.

दोघांचेही रिपोर्ट चांगले होते. पण आठवड्याच्या आत आर्णीत बोभाटा झाला की सरांनाच आहे, म्हणून तर ते इतके पोटतिडकीने शिकवतात. घरच्या शिकवणीची पोरं एकेक करून गळाली. मावशीने शेजारी दिलेली खिरीची वाटी भरलेलीच परत आली. स्टाफरूममध्ये त्यांच्या कपाच्या कानावर कोणीतरी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. 'कपात' ही सप्तमी आहे, हे ज्यांनी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं त्यांनी. मावसाजी त्याच कपातून चहा प्यायचे आणि घरी येऊन म्हणायचे, "व्याकरण कच्चं आहे आपल्या स्टाफचं." विनोद करत होते की त्यांना लागलं होतं, मला कळायचं नाही. ते झोपायच्या आधी ओसरीवर फार वेळ येरझाऱ्या घालायचे, आधी घालत नसत.

एक दिवस मला राहवलं नाही. म्हणालो, "मावसाजी, मी सांगून टाकतो कॉलेजात. तपासणी माझी होती म्हणून." ते म्हणाले, "सांग. मंग उद्यापासून पेटीत एक चिठ्ठी येईन का? पोट्टे म्हनतीन, सरांच्या घरचाच पोट्टा उघडा पडला, आपलं काय." मी म्हणालो, मग निदान तुमचा रिपोर्ट तरी दाखवा लोकांना. ते खवळले. मी त्यांना तेवढंच एकदा खवळलेलं पाहिलं. "मी आपला चांगला रिपोर्ट दाखवत गावभर फिरून राह्यलो, तर ज्याचा चांगला नाही त्यानं काय दाखवावं? त्याच्यासाठी शिकवून राह्यलो ना मी." खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. मी सांगतो म्हणालो होतो, पण त्यांनी हो म्हटलं असतं तर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता.

तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा गेलो. याही वेळी त्यांनी बाही वर केली. ताई आता काही विचारत नव्हत्या. माझा रिपोर्ट पुन्हा चांगला आला. ताईंनी सांगितलं की आता निर्धास्त राहा, मात्र शहाणपणाने राहा. बसस्टँडवर येईपर्यंत मी धीर धरला आणि तिथं आलुबोंड्याच्या गाड्यापाशी हमसून रडलो. मावसाजी गाडीवाल्याला म्हणाले, "परीक्षा पास झाला आमचा. दोन प्लेट दे." गाडीवाल्याने माझं अभिनंदन केलं आणि कितवी म्हणून विचारलं. मावसाजींनी सांगितलं, "पहिलीच."

गावाचं तोंड पुढं आपोआप दुसरीकडे वळलं. शिकवणीची पोरं हळूहळू परत आली. कोणी का गेलं होतं हे बोललं नाही आणि का आलं हेही नाही. मी नोकरीला लागलो, लग्न झालं, बायकोला लग्नाआधीच सगळं सांगितलं. गावाला मात्र सांगितलं नाही. मग मावसाजी निवृत्त झाले. निरोप समारंभात सगळ्यांनी त्यांच्या शुद्धलेखनाचे किस्से सांगितले, पेटीबद्दल एक अक्षर कोणी काढलं नाही. मला ते सहन होईना. मी उठलो, माईक घेतला, आणि म्हणालो, "त्या वेळी सरांबद्दल गावात जे बोलत होते ते खोटं होतं. तपासणी माझी होती. सर फक्त सोबत आले होते." सभागृहात क्षणभर कोणालाच काही समजलं नाही. मग प्राचार्य उठून म्हणाले की सरांनी पेपर तपासणीत कधी कोणाची गय केली नाही, घरच्या मुलाचीसुद्धा केली नाही, हेच यावरून दिसतं. जोरदार टाळ्या पडल्या. मी माईक हातात धरून उभा. पुन्हा बोलायला तोंड उघडलं तोवर शाल-श्रीफळ सुरू झालं होतं.

घरी येताना मावसाजी हातातला नारळ हलवून पाणी ऐकत चालले होते. मावशी म्हणाली, "मले तर तवाच समजलं होतं. चार पोळ्या खानारा तू, दोनीवर आलता." मी तिला विचारलं, मग तुला लोक बोलले ते ऐकून कसं घेतलंस? ती म्हणाली, "यायनं ऐकून घेतलं, मंग मी काय वेगळी हाओ का?" कोपऱ्यावर आल्यावर मावसाजी माझ्याकडे वळून म्हणाले, "वाक्य संदिग्ध झालं तुझं. कशाची तपासणी, ते राहून गेलं."

म्हणून इथं लिहितो, यात आता संदिग्ध काही नाही. ती एचआयव्हीची तपासणी होती. ती माझ्या चुकीमुळे करावी लागली. मावसाजी मला एकटं वाटू नये म्हणून आले, आणि ज्या गोष्टीची लाज वाटू नये असं ते शिकवत आले, तिची लाज त्यांनी माझ्याकरता तीन महिने सोसली. हल्ली ते अमरावतीला मुलीकडे असतात. डोळ्यांनी दिसत नाही, वाचून दाखवावं लागतं. हे लिहून झाल्यावर मी त्यांना फोन लावला आणि सगळं वाचलं. मध्ये एकदाही त्यांनी टोकलं नाही. वाचून संपलं. मग म्हणाले, "छापू नको बाबू. लोक तुले नाव ठेवतीन." मी म्हणालो, ठेवू द्या. आता रागावतात की काय, मला अंदाज येईना. मग हळूच म्हणाले, "बरं. पुन्हा एकदा वाच. सावकाश वाच."